लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रिया

लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्याच्या पारपटलाचा (स्वच्छमंडलाचा) आकार लेसर किरणांच्या साहाय्याने बदलून चष्म्याचा नंबर कमी किंवा नाहीसा करण्याची शस्त्रक्रिया होय. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि दृष्टिवैषम्य या तीन अपवर्तनदोषांसाठी ती केली जाते. लॅसिक, पीआरके आणि स्माइल हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. बोलचालीत मात्र या सर्वांनाच ‘लॅसिक’ किंवा ‘नंबर काढण्याचे ऑपरेशन’ म्हटले जाते.

ही शस्त्रक्रिया ऐच्छिक स्वरूपाची आहे. ज्या डोळ्यावर ती केली जाते तो डोळा सहसा निरोगी असतो आणि चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरून त्याला स्पष्ट दिसत असते. शिवाय पारपटलातून काढून टाकलेली ऊती पुन्हा तयार होत नाही. या दोन कारणांमुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीला प्रत्यक्ष शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे. ही शस्त्रक्रिया कोणावर करू नये हे ओळखणे, हा त्या तपासणीचा मुख्य हेतू असतो.

पारपटल आणि अपवर्तनदोष

मानवी डोळ्याची एकूण अपवर्तनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर शक्ती एकट्या पारपटलाची असते. उरलेली शक्ती आतील नैसर्गिक भिंगाची असते. पारपटलाच्या वक्रतेत थोडा जरी फरक झाला तरी दृष्टिपटलावर पडणाऱ्या प्रतिमेत मोठा फरक पडतो. लेसर शस्त्रक्रिया याच गुणधर्माचा उपयोग करते.

निकटदृष्टितेत नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब असतो किंवा पारपटलाची वक्रता अधिक असते. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते. अशा डोळ्यात पारपटलाचा मध्यभाग थोडा सपाट केला जातो. दूरदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या पलीकडे तयार होते, म्हणून परिघाजवळील ऊती काढून मध्यभाग अधिक वक्र केला जातो. दृष्टिवैषम्यात, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असताना, वेगवेगळ्या दिशांतील वक्रता असमान असते; ती समान करण्याचा प्रयत्न केला जातो.

पारपटलाची मध्यभागातील जाडी सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ५४० मायक्रॉन असते (१ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन). सर्वांत वरचा, सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा पेशीस्तर खरवडला गेला तरी काही दिवसांत पुन्हा वाढतो. त्याखालील ‘स्ट्रोमा’ हा थर एकूण जाडीच्या सुमारे ९० टक्के असतो आणि पारपटलाला बळकटी देतो. लेसर याच थराची ऊती काढते आणि ती पुन्हा भरून येत नाही.

इतिहास

पारपटलाचा आकार बदलून दृष्टिदोष दूर करण्याची कल्पना लेसरच्या शोधापूर्वीची आहे. मूळचे स्पेनचे आणि कोलंबियातील बोगोटा येथे काम करणारे नेत्रतज्ज्ञ होसे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९ मध्ये ही कल्पना मांडली. पारपटलाचा पातळ थर कापणारे यंत्रही त्यांनी विकसित केले. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांनी पारपटलावर सूक्ष्म पात्याने अरीय छेद घेण्याची पद्धत प्रचलित केली. तिच्यामुळे अनेकांचा चष्मा गेला, परंतु काही वर्षांनी पारपटल कमकुवत होऊन नंबर उलट दिशेने बदलत असल्याचे आढळले.

लेसरचा या क्षेत्रातील प्रवेश आयबीएम या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत झाला. तेथे जन्माने भारतीय असलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम यांनी १९८१ मध्ये १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरचा प्रयोग टर्की पक्ष्याच्या शिजवलेल्या मांसाच्या उरलेल्या तुकड्यावर केला. लेसरने ऊती काटेकोरपणे कापली गेली आणि आजूबाजूचा भाग भाजला नाही. १९८३ मध्ये न्यू यॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने हे तंत्र पारपटलासाठी उपयोगी असल्याचे दाखवून दिले. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर पीआरके शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ग्रीसच्या क्रीट बेटावरील इओआनिस पॅलिकारिस यांनी बाराकेर यांची थर उचलण्याची पद्धत आणि एक्सायमर लेसर यांची सांगड घातली. तीच लॅसिक होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीआरकेसाठी एक्सायमर लेसरला १९९५ मध्ये आणि स्माइल पद्धतीला २०१६ मध्ये मान्यता दिली. पात्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या फेम्टोसेकंद लेसरच्या मुळाशी अतिलघु स्पंदांची तीव्रता वाढवण्याचे तंत्र आहे. त्यासाठी डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांना २०१८ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

प्रकार

पीआरके: यात पारपटलाचा वरचा पेशीस्तर दूर करून उघड्या झालेल्या पृष्ठभागावर एक्सायमर लेसर चालवला जातो. पेशीस्तर पुन्हा वाढेपर्यंत काही दिवस संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स बसवली जाते. या काळात वेदना, पाणी येणे आणि प्रकाश सहन न होणे असा त्रास होतो. दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. यात फ्लॅप कापला जात नसल्याने पारपटल तुलनेने पातळ असणाऱ्यांसाठी, तसेच कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध यांसारख्या खेळांतील खेळाडूंसाठी ही पद्धत विचारात घेतली जाते.

लॅसिक: यात पात्याने किंवा फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाचा साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून उचलला जातो. याला फ्लॅप म्हणतात. त्याखालील स्ट्रोमावर एक्सायमर लेसर वापरून फ्लॅप पुन्हा जागेवर बसवला जातो. वेदना कमी असतात आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच बरेच स्पष्ट दिसू लागते. मात्र फ्लॅप मूळच्या बळकटीने कधीच जुळत नाही. जोराचा आघात झाल्यास तो अनेक वर्षांनंतरही सरकू शकतो.

स्माइल: यात फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक चकती वेगळी केली जाते आणि काही मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढली जाते. फ्लॅप नसल्याने त्यासंबंधीचे धोके टळतात आणि पृष्ठभागाजवळच्या चेतातंतूंना कमी इजा होते. ही पद्धत प्रामुख्याने निकटदृष्टिता व तिच्यासह असलेल्या दृष्टिवैषम्यासाठी वापरली जाते.

या प्रकारांची व्यापारी नावे अनेक आहेत. नाव कोणतेही असले तरी पारपटलातून किती ऊती काढली जाणार आणि किती शिल्लक राहणार, हा मूळ प्रश्न बदलत नाही.

जाडीचा हिशेब

चार्ल्स मन्नरलिन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार, काढावयाच्या ऊतीची खोली (मायक्रॉनमध्ये) ही उपचारक्षेत्राच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग आणि डायॉप्टरमधील नंबर यांच्या गुणाकाराच्या सुमारे एक तृतीयांश असते. उपचारक्षेत्राचा व्यास ६ मिलिमीटर धरल्यास दर डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन ऊती काढावी लागते. प्रत्यक्षातील काही यंत्रे यापेक्षा थोडी अधिक ऊती काढतात.

लॅसिकनंतर फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन जाडीचा स्ट्रोमा शिल्लक राहावा, असा संकेत आहे. अनेक शल्यचिकित्सक त्याहून अधिक मर्यादा पाळतात. याशिवाय फ्लॅप आणि काढलेली ऊती मिळून पारपटलाच्या मूळ जाडीच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग बाधित होऊ नये, हाही एक निकष वापरला जातो.

उदाहरणार्थ, ५०० मायक्रॉन जाडीच्या पारपटलावर ११० मायक्रॉनचा फ्लॅप घेऊन उणे ६ नंबर काढायचा असल्यास सुमारे ७२ मायक्रॉन ऊती जाते. फ्लॅपखाली ३१८ मायक्रॉन उरतात आणि बाधित भाग सुमारे ३६ टक्के भरतो. त्याच डोळ्याचा नंबर उणे ९ असल्यास १०८ मायक्रॉन ऊती जाते. तेव्हा २८२ मायक्रॉन शिल्लक राहतात, म्हणजे पहिला निकष पूर्ण होतो. परंतु बाधित भाग सुमारे ४४ टक्क्यांवर जातो आणि दुसरा निकष ओलांडला जातो. अशा वेळी लॅसिकऐवजी दुसरा पर्याय सुचवला जातो. एकाच नंबराच्या दोन व्यक्तींपैकी एकीला शस्त्रक्रिया करता येते आणि दुसरीला नाकारली जाते, त्याचे एक कारण या हिशेबात असते.

महाराष्ट्रात नागपूर परिसराच्या ग्रामीण भागात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या अभ्यासात पारपटलाची सरासरी मध्यजाडी सुमारे ५१४ मायक्रॉन आढळली. पाश्चात्त्य देशांतील सरासरीपेक्षा हा आकडा कमी असल्याने भारतीय रुग्णांच्या बाबतीत हा हिशेब अधिक काळजीपूर्वक करावा लागतो.

पात्रता

शस्त्रक्रियेसाठी वय किमान १८ वर्षे पूर्ण असावे लागते. निकटदृष्टितेचा नंबर विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढू शकतो, त्यामुळे अनेक तज्ज्ञ त्यानंतरही काही वर्षे थांबण्याचा सल्ला देतात. गेल्या वर्षभरात नंबरात अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदल झालेला नसावा. नंबर वाढत असताना शस्त्रक्रिया केल्यास ती वाढ थांबत नाही आणि चष्मा पुन्हा लागतो.

पुढील परिस्थितीत शस्त्रक्रिया सहसा टाळली किंवा पुढे ढकलली जाते:

• केराटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, किंवा त्याची प्राथमिक लक्षणे
• पारपटलाची अपुरी जाडी
• डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा
• गरोदरपण व स्तनपानाचा काळ, कारण या काळात नंबर व पारपटल या दोहोंत तात्पुरते बदल होतात
• संधिवाताभ आमवात, ल्युपस यांसारखे अनियंत्रित स्वयंप्रतिरक्षा विकार
• अनियंत्रित मधुमेह
• पारपटलाला पूर्वी झालेला नागिणीचा किंवा हर्पिसचा संसर्ग
• मोतीबिंदू किंवा बळावलेला काचबिंदू

मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांसारखी औषधे जखम भरण्यावर किंवा अश्रूंच्या थरावर परिणाम करतात. म्हणून सुरू असलेल्या सर्व औषधांची माहिती नेत्रतज्ज्ञाला देणे आवश्यक असते. डोळे वारंवार चोळण्याची सवय आणि कुटुंबातील कोणाला केराटोकोनस असल्याचा इतिहास या बाबी किरकोळ वाटल्या तरी निर्णायक ठरू शकतात.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. त्यामुळे मोजमापांपूर्वी मऊ लेन्सचा वापर साधारण दोन आठवडे आणि कठीण लेन्सचा वापर किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवावा लागतो. लेन्स आदल्या दिवशी काढून केलेली तपासणी विश्वासार्ह मानली जात नाही.

पूर्ण तपासणीत पुढील बाबींचा समावेश होतो:

• चष्म्याचा नंबर, साधा तसेच डोळ्याचे स्नायू शिथिल करणारे थेंब घालून. तरुणांमध्ये डोळ्याच्या समायोजनामुळे उणे नंबर प्रत्यक्षाहून अधिक मोजला जाऊ शकतो.
• पारपटलाचा नकाशा. यात पुढील आणि मागील अशा दोन्ही पृष्ठभागांचा उंचसखलपणा मोजला जातो. केराटोकोनसची सुरुवातीची चिन्हे बहुधा मागील पृष्ठभागावर आधी दिसतात आणि त्या वेळी रुग्णाला कोणतीही तक्रार नसते.
• पारपटलाची जाडी
• अंधारात बाहुलीचा आकार
• अश्रूंचे प्रमाण व त्यांच्या थराची स्थिरता
• डोळ्यातील दाब
• बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी. दृष्टिपटलाच्या कडेला छिद्र किंवा विरलेला भाग असल्यास त्यावर आधी उपचार आवश्यक ठरू शकतो.

नकाशा संशयास्पद असल्यास काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करून तुलना केली जाते. शस्त्रक्रिया नाकारली जाणे हे तपासणीचे अपयश नसून तिने आपले काम केल्याची खूण असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया व नंतरचा काळ

शस्त्रक्रिया भूल देणारे थेंब घालून केली जाते आणि रुग्ण शुद्धीवर असतो. प्रत्यक्ष लेसर काही सेकंद ते सुमारे एक मिनिट चालतो. रुग्णाला त्याच दिवशी घरी जाता येते, परंतु स्वतः वाहन चालवता येत नाही. त्यानंतर प्रतिजैविके, स्टेरॉइड आणि कृत्रिम अश्रू यांचे थेंब ठरलेल्या वेळापत्रकानुसार घालावे लागतात. डोळे चोळणे, पोहणे आणि डोळ्यांभोवती प्रसाधने लावणे काही काळ वर्ज्य असते. पीआरकेनंतर उन्हात काळा चष्मा वापरण्यावर विशेष भर दिला जातो, कारण अतिनील किरणांमुळे पारपटल धूसर होण्याची शक्यता वाढते.

दुष्परिणाम व धोके

बहुसंख्य रुग्णांना चांगली दृष्टी मिळते. तथापि काही त्रास इतके सामान्य आहेत की ते अपवाद मानता येत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्य संस्थांसह केलेल्या ‘प्राउल’ या अभ्यासात लॅसिकपूर्वी दृष्टीविषयी कोणतेही लक्षण नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनंतर किमान एक नवे लक्षण जाणवले. दिव्यांभोवती वलये, चकाकी, ताऱ्यासारखे फाटे आणि दुहेरी प्रतिमा ही ती लक्षणे होत. शस्त्रक्रियेपूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक सहभागी आपल्या दृष्टीविषयी समाधानी होते आणि लक्षणांमुळे दैनंदिन कामे अतिशय कठीण झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. समाधान आणि नवी लक्षणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, असे यावरून दिसते. रात्री वाहन चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

कोरडेपणा प्रामुख्याने पारपटलातील चेतातंतू कापले गेल्याने येतो. तो बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात कमी होतो, पण काहींत टिकून राहतो. नंबर अपुरा किंवा जास्त निघणे, काही वर्षांनी थोडा नंबर परत येणे, फ्लॅपला सुरकुती पडणे, फ्लॅपखाली पेशी वाढणे आणि पीआरकेनंतर पारपटल धूसर होणे हे इतर दुष्परिणाम आहेत. यांपैकी काहींवर दुसऱ्या शस्त्रक्रियेने उपाय करता येतो, मात्र त्यासाठी पुरेशी जाडी शिल्लक असावी लागते.

जंतुसंसर्ग आणि एक्टेझिया हे दुर्मीळ परंतु गंभीर धोके आहेत. एक्टेझियात कमकुवत झालेले पारपटल काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फुगून पुढे येते आणि चष्म्याने न सुधारणारी अंधूक दृष्टी येते. रायबोफ्लेविन आणि अतिनील किरण वापरून केलेल्या क्रॉसलिंकिंग उपचाराने ही वाढ बहुधा थांबवता येते. गंभीर स्थितीत पारपटल प्रत्यारोपण करावे लागते. अनेक प्रकरणांत याचे मूळ शस्त्रक्रियेपूर्वी न ओळखल्या गेलेल्या केराटोकोनसमध्ये असते.

शस्त्रक्रियेने न बदलणाऱ्या गोष्टी

लेसरने पारपटलाचा आकार बदलतो, नेत्रगोलाची लांबी बदलत नाही. तीव्र निकटदृष्टिता असलेल्या लांब डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा आणि काचबिंदूचा जो अधिक धोका असतो, तो चष्मा गेल्यानंतरही कायम राहतो. त्यामुळे दृष्टिपटलाची नियमित तपासणी सुरू ठेवावी लागते. अचानक प्रकाशाच्या झळा, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे वाटल्यास तातडीने तपासणी करणे गरजेचे असते.

चाळिशीनंतर येणारी वृद्धदृष्टिता आतील भिंगाच्या ताठरपणामुळे येते, म्हणून लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांनाही वाचनासाठी चष्मा लागतो. निकटदृष्टिता असलेली व्यक्ती चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचे वाचू शकते. शस्त्रक्रियेनंतर ही सोय जाते. यावर उपाय म्हणून कधी एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवला जातो. ही व्यवस्था सर्वांना मानवत नसल्याने ती आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पडताळून पाहिली जाते.

भावी उपचारांसाठी नोंदी

पारपटल पातळ झाल्यामुळे नेहमीच्या उपकरणावर डोळ्यातील दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि काचबिंदूचे निदान लांबू शकते. तसेच पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती नेहमीच्या सूत्रांनी चुकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची वक्रता व जाडी, वापरलेली पद्धत आणि काढलेल्या ऊतीची खोली यांच्या नोंदींची प्रत रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवावी, असे सुचवले जाते. विशीत केलेल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे साठीत उपयोगी पडतात आणि तोपर्यंत मूळ रुग्णालयात ती उपलब्ध असतीलच असे नाही.

नेत्रदानावरही या शस्त्रक्रियेचा मर्यादित परिणाम होतो. असे पारपटल पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणासाठी सहसा वापरले जात नाही, परंतु त्याचा आतील थर उपयोगी पडू शकतो.

पर्याय

चष्मा हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. कॉन्टॅक्ट लेन्सने पारपटलाची ऊती जात नाही, मात्र अस्वच्छ वापराने जंतुसंसर्गाचा धोका असतो. नंबर जास्त किंवा पारपटल पातळ असल्यास नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे कृत्रिम भिंग बसवता येते. ते आवश्यकता भासल्यास काढता येते, परंतु ही डोळ्याच्या आतील शस्त्रक्रिया असल्याने तिचे धोके वेगळे आहेत.

भारतातील नोकरी व विमा

भारतीय रेल्वेत सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र ठरतात. सशस्त्र दलांत शाखेनुसार नियम वेगळे असून शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ, नेत्रगोलाची लांबी आणि उरलेली जाडी यांवर अटी असतात. केवळ दृष्टीचा निकष पूर्ण करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणारा उमेदवार त्या शस्त्रक्रियेमुळेच अपात्र ठरू शकतो. म्हणून संबंधित भरतीची चालू जाहिरात व वैद्यकीय निकष आधी पाहणे आवश्यक ठरते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी अपवर्तनदोषाच्या दुरुस्तीचा खर्च आरोग्य विम्यातून वगळता येतो. परिणामी बहुतेक रुग्णांना हा खर्च स्वतः करावा लागतो.

माहितीपूर्ण संमती

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून लेखी संमती घेतली जाते. ती अर्थपूर्ण ठरण्यासाठी पारपटलाची जाडी किती आहे, किती ऊती काढली जाणार, किती शिल्लक राहणार, नकाशा निर्दोष आहे का, सुचवलेली पद्धत इतर पद्धतींपेक्षा का योग्य आहे आणि अपेक्षित परिणाम न मिळाल्यास पुढे काय करता येईल, या प्रश्नांची उत्तरे रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणे अपेक्षित असते. शस्त्रक्रिया ऐच्छिक असल्याने ती तातडीने करण्याचे वैद्यकीय कारण नसते. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचारासाठी वेळ घेणे किंवा दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत घेणे यामुळे डोळ्याचे कोणतेही नुकसान होत नाही.